लाभार्थी आणि घरधनी : रिसोडच्या निमित्ताने घरकुल-विचाराची समीक्षा

मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, इकडे खुर्च्या रिकाम्या आहेत. माझा आवाज आता पूर्वीसारखा राहिलेला नाही, आणि हे बोलणं नंतर टंकून वाचणाऱ्यांसाठीही जाणार आहे, म्हणून जरा सावकाश बोलतो.

आयोजकांनी मला दिलेला विषय पत्रिकेवर छापलाय : ‘परवडणारी व शाश्वत घरे आणि स्थानिक पुनरुज्जीवन’. यातला ‘घर’ हा एक शब्द सोडला तर बाकीचे शब्द आपल्या रिसोडच्या बाजारात ऐकू येत नाहीत. ‘परवडत नाही’ एवढं मात्र रोज ऐकू येतं. मी अभियंता नाही, अर्थशास्त्राचाही नाही. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, आणि आमचा धंदा मुख्यतः शब्द तपासण्याचा. तेव्हा आज मी घरकुल योजनेकडे एखाद्या ग्रंथाकडे पाहावं तसं पाहणार आहे. तिचे शब्द कोणते, ते काय धरतात आणि त्यांच्या हातून काय निसटतं, एवढंच.

पहिला शब्द ‘लाभार्थी’. लाभाची इच्छा करणारा, म्हणजे मागणारा. आपल्या भाषेत घर ज्याचं असतं त्याला जुना शब्द आहे : घरधनी. एकाच माणसाला पंचायत समितीच्या यादीत आपण लाभार्थी म्हणतो आणि त्याच्या दारात गेलो की घरधनी म्हणतो. या दोन शब्दांमधलं अंतर हाच आजचा विषय, असं समजा.

आधी योजनेला तिचं श्रेय देऊ. समीक्षा म्हणजे झोडपणं नव्हे. इंदिरा आवास योजना १९८५-८६ मध्ये सुरू झाली, १ जानेवारी १९९६ पासून ती स्वतंत्र योजना झाली. २०१६ मध्ये तिची जागा प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणने घेतली. किमान क्षेत्र २० चौरस मीटरवरून २५ केलं, म्हणजे साधारण २६९ चौरस फूट, आणि त्यात स्वयंपाकाची जागा धरली. सपाट भागात १ लाख २० हजार रुपये, शिवाय रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी, संडासासाठी वेगळे १२ हजार. पैसा थेट खात्यात. पूर्वी मधल्यामध्ये काय काय गळायचं हे इथल्या जुन्या माणसांना सांगायला नको. राज्याच्या रमाई आणि शबरी योजनांनी तर ज्यांना पिढ्यान् पिढ्या कुडाच्या भिंतीपलीकडे काही मिळालं नव्हतं, त्यांना पक्की भिंत दिली. ही गोष्ट लहान नाही. आपला वाशिम जिल्हा नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांत आहे, म्हणजे मागासलेल्यांच्या यादीतलं सभ्य नाव. अशा जिल्ह्यात पक्की भिंत म्हणजे काय, हे पुण्यात बसून कळत नाही.

आता निसटतं काय ते. मागच्या उन्हाळ्यात तालुक्यातल्या एका गावी गेलो होतो. ओळखीच्या एक बाई, घरकुल मिळालेलं, रंगवलेलं, दारावर योजनेचं नाव. मी आपलं कौतुकानं म्हटलं, छान झालं. त्या म्हणाल्या, “भाऊ, घर त भेटलं, पण उन्हाळाभर आमी बाहीरच झोपतो.” वर पत्रा होता. स्लॅबला पैसे पुरले नाहीत. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४३-४४ ला टेकतो, पत्र्याखाली ते घर दुपारी तव्यासारखं होतं. जुनं मातीचं खोपट त्यांनी पाडलं होतं, कारण तीच जागा होती.

सरकारच्या लेखी हे घर ‘पूर्ण’ आहे. पूर्ण म्हणजे काय? पाया, भिंत, छत असं टप्प्याटप्प्यानं मोबाइलवर छायाचित्र निघतं, जागेच्या अक्षांश-रेखांशासह ते वर जातं आणि पुढचा हप्ता सुटतो. महाराष्ट्रात पहिला हप्ता १५ हजारांचा. पंधरा हजारांत पाया भरून दाखवायचा, मग पुढचे पैसे. ज्याच्या हाताशी पदरचे किंवा सावकाराचे पैसे आहेत तोच वेळेत दाखवू शकतो. हा पुराव्याचा हिशेब मला समजतो, चोरी रोखायला तो हवा. पण त्यामुळे घर ही एकदा घडून संपणारी वस्तू ठरते. छायाचित्रात घर असतं, त्यातली दुपार नसते.

आमच्या लहानपणी घर चौरस फुटांत मोजत नसत. घर खणात मोजत. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण. कुणाचं तीन खणाचं, कुणाचं पाच खणाचं. नव्या मुलांसाठी सांगतो, या मापात एक शहाणपण होतं : घर वाढणार हे त्यात गृहीतच होतं. सोयाबीन तेव्हा नव्हतं, कापूस चांगला झाला की एक खण वाढायचा. पोराचं लग्न ठरलं की आणखी एक. वाईट वर्षी तसंच राहायचं. बांधकाम शेतीच्या उत्पन्नाच्या चालीनं चाले. २६९ चौरस फूट हे माप मात्र बंद आहे. त्यात सून येण्याची सोय नाही, म्हातारा आजारी पडण्याची नाही, तुरीची पोती ठेवण्याची तर नाहीच. शेतकऱ्याच्या घरात माल राहतो, हे नकाशा काढणाऱ्याला सुचलं नाही.

पण थांबा. जुन्या घराचे गोडवे गाणारा म्हातारा अशी माझी गत मला करून घ्यायची नाही. पांढऱ्या मातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती, वर धाबं, आत देवळ्या, बळद. उन्हाळ्यात गार, हे खरं. पण दर पावसाळ्यापूर्वी धाब्यावर माती चढवायला घरच्या बायांची कंबर मोडायची. गळायचं, उंदीर-घुशी, विंचू. आणि ते छत किती जड होतं हे आपल्या दक्षिणेच्या शेजाऱ्यांनी ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भोगलं.

किल्लारीबद्दल जरा विस्तारानं बोलतो, कारण महाराष्ट्रात घर या विषयावर एवढा मोठा प्रयोग दुसरा झालेला नाही, आणि त्यातून आपण चुकीचा धडा घेतला असं माझं मत आहे. त्या पहाटे लातूर-उस्मानाबाद भागात काही हजार माणसं मुख्यतः घरांखाली दबून मेली. त्यानंतर आपल्याकडेसुद्धा माणसं म्हणू लागली की माती-दगड नको, सिमेंट पाहिजे. अभियंत्यांनी मात्र बारकाईनं पाहिलं तेव्हा दिसलं की दगडी भिंतीचे आतला आणि बाहेरचा असे दोन पदर एकमेकांना बांधलेले नव्हते, भिंतीच्या आरपार जाणारे दगड घातलेले नव्हते, म्हणून भिंती फुटल्या. कितीतरी ठिकाणी लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला आणि दगड मात्र कोसळले. म्हणजे दोष नुसता मातीचा नव्हता, बांधणीचाही होता. कारागिरी घसरली होती. मरणाच्या भीतीपुढे हा फरक कोण ऐकणार?

पुढे जागतिक बँकेच्या मदतीनं पुनर्वसन झालं, आणि ते दोन तऱ्हांनी झालं. ५२ गावं पूर्ण उठवून नव्या जागी वसवली. चौकटीचे रुंद रस्ते, सारखी घरं, आणि घराचं माप जमिनीवरून : भूमिहीनाला २५० चौरस फूट, मधल्याला ४००, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. भूकंपानं सगळ्यांना एका ओळीत आणलं होतं, नकाशानं पुन्हा आपापल्या जागी बसवलं. गाव कितीतरी पट पसरलं, शेजार मोडला, ओसरीवर बसून रस्त्याशी बोलायची रीत गेली. ही घरं बहुतांशी संस्थांनी आणि ठेकेदारांनी बांधून दिली.

दुसरी तऱ्हा जिथं नुकसान कमी होतं त्या गावांची. तिथं घरमालकाला ठरावीक रक्कम आणि सामान द्यायचं, तांत्रिक सल्ला द्यायचा, दुरुस्ती आणि मजबुतीकरण त्यानं स्वतः करायचं. या कामात प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग संस्थेनं गावोगावच्या महिला मंडळांना मध्ये आणलं. बायका संवाद साहाय्यक झाल्या, गवंड्याच्या कामावर नजर ठेवू लागल्या. घर बांधताना बाईनं गवंड्याला ‘हा दगड आरपार का नाही घातला’ असं विचारणं, ही माझ्या मते मराठवाड्यातल्या त्या दशकातली मोठी घटना आहे. वर्तमानपत्रांत छायाचित्रं छापून आली ती नव्या गावांची. ही दुसरी गोष्ट मागे राहिली.

पहिल्या तऱ्हेत माणूस लाभार्थी होता. दुसरीत घरधनी होता. फरक पैशाच्या आकड्याचा नव्हताच, निर्णय कोणाचा याचा होता.

१९७२ मध्ये जॉन टर्नर या इंग्रज वास्तुविशारदानं, पेरूमधल्या झोपडवस्त्यांत काम केल्यावर, असं मांडलं की घर हे नाम म्हणून पाहू नका, क्रियापद म्हणून पाहा. आपल्या भाषेला हे शिकवायची गरज नाही. आपण ‘घर करून राहतो’, ‘घर लावतो’, ‘घर चालवतो’. दुःखसुद्धा मनात घर करतं. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना इथं हायडेगर आठवेल. १९५१ च्या ऑगस्टमध्ये डार्मश्टाट इथं त्यानं वास्तुविशारदांपुढे बांधणं आणि वसणं यावर व्याख्यान दिलं. जर्मनी बेचिराख झालेली, घरांचा प्रचंड तुटवडा, आणि हा म्हणतो की खरी अडचण घरांच्या संख्येची नाही, वसणं म्हणजे काय ते आपण विसरलो ही आहे. मी हे वर्षानुवर्षं शिकवलं. आज मला त्यात एक बेपर्वाई दिसते. (त्याचा नाझी पक्षाशी संबंध होता तो तर वेगळाच.) ज्याला घर आहे त्यानं बेघराला वसण्याचा अर्थ सांगायचा? पत्र्याखालच्या त्या बाईंना आधी छप्पर हवंय. पण त्यांना छप्पर दिल्यावर त्या बाहेर झोपतात, तेव्हा हायडेगरचा प्रश्न मागच्या दारानं परत येतो. मी या दोहोंच्या मध्ये अडकलोय, हे कबूल करतो.

आता ‘पुनरुज्जीवन’. कशाचं? त्र्यंबक नारायण आत्र्यांनी १९१५ मध्ये ‘गावगाडा’ लिहिला, त्या काळापासून आणि त्याच्याही आधीपासून गावाचे दोन भाग : शेतीची काळी आणि वस्तीची पांढरी. आज कुठल्याही तालुक्याच्या गावी जा, तुम्हाला पांढरी ओस आणि काळीवर प्लॉट दिसतील. रिसोडला चारही रस्त्यांनी बाहेर पडा. २०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती ३४ हजारांच्या आसपास होती. त्या मानानं लेआउटचे दगड किती लांबवर रोवलेत ते बघा. आणि आत जुन्या वस्तीत कुलूपबंद घरं. जिथं नळ आहे, नाली आहे, शाळा-दवाखाना चालत जाण्याच्या अंतरावर आहे ती जागा रिकामी, आणि जिथं यातलं काहीच नाही तिथं नवं घर. याला नियोजन म्हणत असतील तर म्हणोत.

तरीही ‘जुनं गाव पुन्हा उभं करू’ असं कोणी म्हटलं की मी विचारतो : कोणतं गाव? पांढरीच्या आत सगळे नव्हतेच. महारवाडा, मांगवाडा वेशीबाहेर होता. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याबद्दल जे कठोर शब्द काढले ते खेडं आतून पाहिलेल्या माणसाचे होते. ज्याला गावानं बाहेर ठेवलं त्याला नव्या लेआउटमधला उघडा प्लॉट सुटका वाटला, तर त्याला वारशाचं प्रवचन देण्याचा अधिकार माझ्यासारख्या माडीच्या घरात वाढलेल्याला नाही. जुनी वस्ती वसवायची तर आत येण्याचा हक्क सगळ्यांना, या अटीवर. नाहीतर राहू द्या ती ओस.

आणि हक्क म्हटलं की कागद आला. घरकुलाला पैसा आहे, पण जागा स्वतःच्या नावावर पाहिजे. आपल्याकडे मजुरी करणाऱ्या माणसानं दहा-वीस वर्षं पैसे साठवून एक गुंठा घेतलेला असतो, १०८९ चौरस फूट, शंभराच्या बाँडवर. त्याची रजिस्ट्री होत नसे, कारण १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा. तो केला होता शेतीचे तुकडे पडू नयेत म्हणून, हेतू चांगला. पण तुकडे पडायचे थांबले नाहीत, फक्त कागदाबाहेर पडू लागले. २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा आला, मुदती वाढत गेल्या, अलीकडे तुकडेबंदीत सूट देण्याची पावलंही शासनानं टाकली आहेत. पण रक्कम भरून, मोजणी करून, चार कचेऱ्या फिरून कागद करून घेणं हे पुन्हा त्यालाच जमतं ज्याची एक दिवसाची मजुरी बुडाली तरी चूल पेटते. शहरात प्रधानमंत्री आवास योजनेतून स्वतःच्या जागेवर बांधायला केंद्राचे दीड आणि राज्याचा एक असे अडीच लाख ठरले, ती मदत सर्वांत गरजवंताच्या हातून कुठं निसटते तर इथं. गावांसाठी २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणाची मोजणी होऊन मिळकत पत्रिका देणं सुरू झालं. हे काम मला घरकुलाइतकंच महत्त्वाचं वाटतं, खरं तर त्याच्या आधीचं.

पैशाचं एक राहिलं. घरकुलाचा रुपया रिसोडात येतो आणि किती वेळ थांबतो? सळई जालन्याची. सिमेंट चंद्रपूरकडचं. पत्रा आणखी कुठला. गावात राहते ती गवंड्याची मजुरी आणि वीट. तालुक्यात दर वर्षी घरकुलांचा जो पैसा येतो तो खरं तर इथली मोठी गुंतवणूक आहे, पण आपण तिला गुंतवणूक म्हणत नाही, लाभ म्हणतो. गंमत अशी की कागदावर सगळं आहे. केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयानंच ‘पहल’ नावाचा एक संग्रह काढलेला आहे, त्यात वेगवेगळ्या राज्यांच्या हवामानाला साजेसे, स्थानिक सामानाचे घरांचे नमुने दिलेत. गवंड्यांना ४५ दिवसांचं प्रशिक्षण द्यायची तरतूदही योजनेत आहे. २०२५ मध्ये राज्यानं ५० हजारांची भर घातली, त्यातले १५ हजार सौर ऊर्जेसाठी. छपरावर सौर पट्टी येईल आणि छपराखाली तोच पत्रा. मला यात काही तरी उलटं वाटतं. आधी छपराला गारवा द्या, पंखा कमी लागेल.

करून दाखवलेलं नाही का कुठं? आहे. इंदूर आपल्याला परकं नाही. तिथं १९८० च्या दशकात बाळकृष्ण दोशींनी अरण्य वसाहत आखली, सुमारे साडेसहा हजार भूखंड. गरिबाला पूर्ण घर दिलंच नाही. जागा, जोतं आणि संडास-मोरीचा गाभा दिला, नमुन्यादाखल थोडी घरं बांधून दाखवली, पुढचं ज्याचं त्यानं. म्हणजे आपला खणच. तिला १९९५ मध्ये आगाखान पुरस्कार मिळाला. आणि आपल्या सोलापुरात विडी कामगारांनी, आडम मास्तरांच्या पुढाकारानं, आधी गोदूताई परुळेकरांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत आणि मग कुंभारीला ३० हजार घरांचं रे नगर उभं केलं. त्यातल्या १५ हजार घरांचं लोकार्पण १९ जानेवारी २०२४ ला झालं. तिथली घरं एका साच्याची आहेत, खण वाढायला जागा नाही, ही माझी तक्रार आहेच. पण विडी वळणाऱ्या बायका सोसायटीच्या सभासद म्हणून आल्या, यादीतलं नाव म्हणून नाही. अरण्यात आराखडा चांगला होता, सोलापुरात संघटना चांगली होती. रिसोडसारख्या गावाला दोन्ही लागतील आणि ३० हजार घरं लागणार नाहीत. जुन्या वस्तीतली शे-दोनशे कुलपं उघडली, तरी सुरुवात होते.

त्यातलं एक कुलूप माझं आहे. सांगायचं टाळणार होतो, पण मग या व्याख्यानाला अर्थ राहिला नसता. आमचं सात खणाचं घर वीस-बावीस वर्षं बंद आहे. मी नोकरीनं बाहेर, भाऊ बाहेर. तीन वर्षांपूर्वीच्या पावसात मागची भिंत शेजारच्या घरावर पडली. त्या घरात भाड्यानं राहणारी विधवा बाई आणि तिची मुलगी थोडक्यात वाचल्या. त्यांनी काही म्हटलं नाही, हे मला जास्त लागलं. लाकूड घेणारे दलाल दर दिवाळीला विचारतात, खांबांचे चांगले पैसे येतील म्हणतात. मी त्या बाईंना म्हटलं, पुढचे तीन खण दुरुस्त करून तुम्ही राहा. त्या म्हणाल्या, “सर, तुमच्या तोंडावर राहू का कागदावर?” बरोबर विचारलं.

कागदावर आम्हा भावाबहिणींची आणि त्यांच्या मुलांची मिळून नऊ नावं आहेत. सहा सह्या झाल्या. दोन पुण्यात आहेत, एक भाचा परदेशात. सोमवारी भूमी अभिलेखमध्ये पुन्हा जायचंय, मोजणीची तारीख मिळते का बघायला. तुमच्यापैकी कोणी हक्कसोडपत्र नुकतंच केलं असेल तर कार्यक्रमानंतर मला भेटा, परदेशातल्या सहीचं काय करतात ते मला विचारायचंय.